शैक्षणिक पुरस्कार, संशोधकाचे काम आणि त्याची प्रतिष्ठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संशोधक विद्यार्थी, प्राध्यापक आणि निवड समित्यांवर काम करणारे वाचक आमच्याकडे सतत पाठवतात ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तर तो पुन्हा न लिहिता संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘पुरस्कार’ हा शब्द येथे झालेल्या कामाच्या गौरवासाठी वापरला आहे. पुढील कामासाठी मिळणारे अनुदान ही निराळी गोष्ट असून तिचा उल्लेख येईल तेथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

१. पुरस्कार मिळाल्यावर संशोधक जास्त काम करतो की कमी?

दोन्ही घडते. कोणता पुरस्कार, कोणते शास्त्र आणि कारकिर्दीचा कोणता टप्पा यांवर उत्तर अवलंबून असते. फील्ड्स पदक मिळालेल्या गणितज्ञांचे लेखन पदकानंतर त्यांच्या तोडीच्या इतर गणितज्ञांपेक्षा कमी झालेले दिसले (प्रश्न ३). अमेरिकेतील जॉन बेट्स क्लार्क पदक मिळालेल्या अर्थतज्ज्ञांचे लेखन मात्र वाढलेले दिसले (प्रश्न ४). प्रतिष्ठेबाबत असा मतभेद फारसा नाही. पुरस्काराने संशोधकाचे वजन वाढते, आणि आमच्या मते पुरस्काराचा सर्वांत खात्रीचा परिणाम हाच आहे. कामावर होणारा परिणाम त्यामानाने बेभरवशाचा असतो.

२. पुरस्कारामुळेच फरक पडला, हे कसे ओळखतात? हुशार माणूस पुरस्काराविनाही पुढे गेलाच असता ना?

या विषयातील खरी अडचण हीच आहे. पुरस्कार चिठ्ठ्या टाकून दिला जात नाही. ज्याचे काम आधीच उत्तम चालले आहे त्याला तो मिळतो, त्यामुळे विजेत्यांची तुलना सरसकट सगळ्या संशोधकांशी केली, तर पुरस्काराने काम वाढते असा निष्कर्ष हमखास निघतो. तो चुकीचा असतो.

याच्या नेमका उलट सापळाही आहे. द्विशतक ठोकणारा फलंदाज सामनावीर ठरतो आणि पुढच्या डावात चाळीस धावांत बाद होतो, तेव्हा सामनावीराच्या चषकाने त्याचा खेळ बिघडवला असे कोणी म्हणत नाही. असाधारण कामगिरीनंतरची कामगिरी बहुधा सरासरीकडे परतते, एवढाच त्याचा अर्थ असतो. संशोधकाला पुरस्कार मिळतो तोही त्याच्या शिखराच्या आसपास. त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची नुसती वजाबाकी केली, तर पुरस्कार विनाकारण बदनाम होतो.

म्हणून तुलनेसाठी जोडीदार शोधावा लागतो. जॉर्ज बोरहास आणि कर्क डोरन यांनी फील्ड्स पदकाचा अभ्यास करताना, इतर मोठी गणिती पारितोषिके मिळवूनही हे पदक न मिळालेल्या गणितज्ञांचा गट समोर ठेवला. पदकाच्या वर्षापर्यंत दोन्ही गटांची वाटचाल जवळजवळ सारखी होती, त्यामुळे पुढे पडलेला फरक अर्थपूर्ण ठरतो. हो फाय चॅन, ब्रुनो फ्राय, याना गालुस आणि बेन्नो टॉर्गलर यांनी अर्थतज्ज्ञांसाठी निराळी युक्ती योजली. विजेत्याशी तंतोतंत जुळणारी व्यक्ती सापडत नाही, म्हणून अनेक अर्थतज्ज्ञांच्या कारकिर्दींची भारित सरासरी काढून, पुरस्कारापूर्वी विजेत्यासारखीच वाटचाल असलेला एक कृत्रिम जुळा त्यांनी तयार केला आणि पुरस्कारानंतर दोघांची वाट कोठे फुटते ते पाहिले. दोन्ही पद्धतींत त्रुटी आहेत, कारण निवड समितीने जे पाहिले ते सगळेच संशोधकाच्या प्रकाशनसूचीत उमटलेले नसते.

३. फील्ड्स पदकानंतर गणितज्ञांचे लेखन का घटले? यशाने ते आळसावले का?

आळस हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. १९३६ मध्ये सुरू झालेले हे पदक चार वर्षांतून एकदा, चाळिशीच्या आतील गणितज्ञांना दिले जाते. सोबतची रक्कम अवघी १५,००० कॅनडियन डॉलर असते, म्हणजे पैसा हातात आल्याने काम सोडावे अशी परिस्थिती नसते. बदलते ते गणितज्ञाचे स्वातंत्र्य. बोरहास आणि डोरन यांना असे आढळले, की पदक मिळाल्यावर हे गणितज्ञ आपले ओळखीचे क्षेत्र सोडून अपरिचित विषयांकडे, कधी गणिताबाहेरच्या शास्त्रांकडेही वळतात आणि त्यांच्या तोडीचे इतर गणितज्ञ त्यामानाने आपल्याच वाटेवर राहतात. नव्या विषयात पाय रोवण्यासाठी वर्षे खर्ची पडतात, आणि त्या वर्षांत निबंधांची संख्या साहजिकच रोडावते. घटीचा मोठा वाटा या भटकंतीचा आहे. उरलेल्या वाट्याला व्याख्याने, समित्या, शिफारसपत्रे आणि प्रवास ही कारणे असू शकतात.

हा तोटा मानावा का, याबद्दल आमचे मत सांगतो. निबंध मोजणाऱ्याच्या दृष्टीने तो तोटा आहे. परंतु निश्चिंत झालेल्या बुद्धिमान माणसाने धोका पत्करून नव्या प्रश्नाला हात घालावा, यासाठीच तर त्याला निश्चिंत करायचे असते. रूढ मोजपट्टीत ही गोष्ट बसत नसेल, तर दोष मोजपट्टीचा आहे.

४. मग अर्थतज्ज्ञांच्या बाबतीत उलटे का दिसले?

क्लार्क पदक १९४७ पासून दिले जाते. पहिले मानकरी पॉल सॅम्युएलसन होते. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन ते पूर्वी दोन वर्षांतून एकदा देत असे, २०१० पासून दरवर्षी देते, आणि तेही चाळिशीच्या आतील अर्थतज्ज्ञांनाच. वर उल्लेखलेल्या अभ्यासात पदकानंतर पाच वर्षांनी विजेत्यांचे निबंध त्यांच्या कृत्रिम जुळ्यांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी, तर आधीच्या निबंधांना मिळणारे संदर्भ (म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखनात केलेले त्यांचे उल्लेख) सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. काम थोडे वाढले, पण कामाकडे जाणारे लक्ष कितीतरी जास्त वाढले.

गणिताशी असलेल्या या विरोधाचे एक संभाव्य कारण असे, की क्लार्क पदक ही अर्थशास्त्रातील शेवटची पायरी नाही. त्याच्या अनेक मानकऱ्यांना पुढे नोबेल मिळाले असल्याने शर्यत चालूच राहते. गणितात फील्ड्स पदकालाच फार काळ शिखर मानले गेले, कारण आबेल पारितोषिक २००३ मध्ये सुरू झाले. हे स्पष्टीकरण आमचे आहे. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या आहेत, हेही विसरू नये.

५. नोबेल मिळाल्यावर संशोधन संपते, हे खरे आहे का?

सरसकट खरे नाही. हॅरिएट झुकरमन यांनी अमेरिकेतील ४१ नोबेल मानकऱ्यांच्या मुलाखती घेऊन १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरस्कारानंतर लेखन घटत असल्याची नोंद आहे. मोठी माहिती हाताशी धरून अलीकडे झालेल्या पडताळणीत मात्र निराळे चित्र दिसले. पुरस्कारानंतर लगेच होणाऱ्या कामाचा प्रभाव काहीसा उतरतो आणि काही वर्षांत पूर्वपदावर येतो, आणि ही उतरण विषय बदलण्याशी निगडित असते, म्हणजे कारण बरेचसे प्रश्न ३ मधलेच आहे.

व्यक्तींची उदाहरणे दोन्ही बाजूंनी देता येतात. जॉन बार्डीन यांना ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चे नोबेल मिळाले, पुढच्याच वर्षी त्यांनी कूपर आणि श्रीफर यांच्यासह अतिवाहकतेचा सिद्धान्त मांडला, आणि १९७२ मध्ये त्यासाठी त्यांना भौतिकीचे दुसरे नोबेल मिळाले. दुसऱ्या बाजूला रिचर्ड हॅमिंग यांनी १९८६ च्या एका प्रसिद्ध व्याख्यानात बेल प्रयोगशाळेतील अनुभवावरून सांगितले, की मोठा मान मिळालेल्या माणसाला मग छोट्या प्रश्नावर काम करणे कमीपणाचे वाटू लागते. मोठी झाडे छोट्या रोपांतूनच वाढतात, आणि ती रोपे लावायचेच तो सोडून देतो.

६. ‘मॅथ्यू परिणाम’ म्हणजे काय?

ज्याच्याकडे आहे त्याला आणखी मिळते, ही बायबलातील मॅथ्यूच्या शुभवर्तमानातील उक्ती आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये तिच्यावरून हे नाव दिले. तोलामोलाचे काम दोघांनी केले, तरी श्रेय आधीच नावाजलेल्याकडे जाते, असा त्याचा आशय आहे. गंमत अशी, की मर्टन यांचा हा निबंध मोठ्या प्रमाणात झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखतींवर उभा होता आणि त्यावर नाव एकट्या मर्टन यांचे होते. तो संयुक्त नावाने यायला हवा होता, असे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

७. पुरस्कारामुळे माझ्या जुन्या निबंधांनाही जास्त संदर्भ मिळू लागतील का?

बहुधा थोडे मिळतील, पण फार काळ नाही (प्रश्न ४ मधील मोठी वाढ क्लार्क पदकाची आणि निराळ्या पद्धतीने मोजलेली आहे). ही पाहणी चतुराईने केलेली आहे, कारण जुना निबंध पुरस्कारानंतर सुधारत नाही. त्याचे संदर्भ वाढले तर ती वाढ निव्वळ प्रतिष्ठेची असते. पियरे अझूले, टोबी स्टुअर्ट आणि यानबो वांग यांनी हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेचे मानाचे संशोधकपद मिळालेल्या जीवशास्त्रज्ञांच्या जुन्या निबंधांची तुलना तशाच इतर निबंधांशी केली. त्यांना आढळलेली वाढ लहान आणि अल्पजीवी होती. ज्या संशोधकांचे नाव तोवर फारसे झालेले नव्हते आणि ज्या निबंधांच्या दर्जाविषयी वाचकांना अंदाज नव्हता, तेथे ती अधिक ठळक होती. नावाजलेल्या माणसाच्या कामाची पारख आधीच झालेली असते, तेव्हा नव्या पदकातून वाचकाला नवी माहिती मिळत नाही. मर्टन यांच्या कल्पनेपेक्षा हे बरेच सौम्य आहे.

८. विभागातील एकाला पुरस्कार मिळाला, तर त्याच विषयावर काम करणाऱ्या इतरांचा फायदा होतो की तोटा?

येथे दोन निष्कर्ष वरवर एकमेकांविरुद्ध जातात. वरील संशोधकपदाचाच आधार घेऊन झालेल्या पुढील अभ्यासात असे दिसले, की विजेत्याच्या निबंधांशी विषयाने अगदी जवळ असलेल्या इतरांच्या निबंधांचे संदर्भ सरासरीने घटतात. वाचकाचे लक्ष मर्यादित असते, आणि ते एकीकडे वळले की शेजाऱ्याच्या वाट्याचे कमी होते. उलट चिंग जिन, यिफांग मा आणि ब्रायन उझ्झी यांच्या २०२१ मधील अभ्यासात, ज्या विषयाशी पुरस्कार जोडला जातो तो संपूर्ण विषयच पुढील पाच ते दहा वर्षांत तुल्य विषयांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त निबंध निर्माण करतो आणि त्याकडे नवे संशोधकही अधिक येतात, असे आढळले. पुरस्कार त्या शाखेपुरता असेल, अलीकडच्या कामासाठी असेल किंवा त्यासोबत रक्कम असेल, तेव्हा ही वाढ अधिक दिसली.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. यात्रा भरली की गावात गर्दी वाढते, तरी देवळाला लागून असलेल्या प्रत्येक दुकानाचा धंदा वाढतोच असे नाही. नव्याने विषयात येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या गर्दीचा लाभ होण्याची शक्यता अधिक, तर वर्षानुवर्षे विजेत्याच्या शेजारी बसून तेच काम करणाऱ्या सहकाऱ्याला झळ बसण्याची शक्यता अधिक, असे आम्हांला वाटते.

९. माझा पुरस्कार थोडक्यात हुकला. त्याचा कारकिर्दीवर परिणाम होईल का?

याबाबतचे चांगले पुरावे अनुदानांचे आहेत, गौरव-पुरस्कारांचे नव्हेत, हे आधी लक्षात घ्यावे. नेदरलँड्समध्ये तरुण संशोधकांच्या अनुदानासाठी गुणांची रेघ किंचित ओलांडणारे आणि किंचित खाली राहणारे यांची तुलना केली गेली. दोघांच्या गुणवत्तेत तसा फरक नव्हता, तरीही वरच्यांनी पुढील आठ वर्षांत खालच्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळवला. एक कारण असे, की खाली राहिलेल्यांनी पुढे अर्जच कमी केले.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानांविषयीच्या २०१९ मधील अभ्यासात निराळी बाजू दिसली. थोडक्यात हुकलेल्यांपैकी अधिक जण संशोधनातूनच बाहेर पडले, पण जे टिकले त्यांचे पुढील काम थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा सरस ठरले. केवळ दुबळे गळाले म्हणून सरासरी वर गेली, एवढ्याने हा फरक पूर्णपणे उलगडत नाही. तेव्हा पुन्हा अर्ज करावा, हा व्यवहार्य सल्ला दोन्ही अभ्यासांतून निघतो.

१०. पुरस्कार तरुणपणी द्यावा की उतारवयात?

कामाला चालना देण्याचा हेतू असेल तर लवकर द्यावा, असे प्रश्न ७ मधील निष्कर्ष सुचवतात, कारण दर्जाविषयी अनिश्चितता असते तेव्हाच पुरस्कार काही नवे सांगतो. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना १९८३ चे नोबेल मिळाले तेव्हा ताऱ्यांच्या वस्तुमानमर्यादेवरील त्यांच्या कामाला पन्नास वर्षे उलटली होती. अशा मानाने संशोधकाच्या कामात काय भर पडणार? इन्फोसिस पारितोषिकाची वयोमर्यादा २०२४ पासून ५० वरून ४० वर आणली गेली, त्यामागे हाच विचार आहे.

मराठी वाचकांना जयंत नारळीकरांची आठवण येणे स्वाभाविक आहे. १९६५ मध्ये पद्मभूषण मिळाले तेव्हा ते २६ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी संशोधन चालू ठेवले, १९७२ मध्ये भारतात परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले, १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी केली आणि मराठीत विज्ञानकथाही लिहिल्या. एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही. मात्र ‘उत्पादकता’ म्हणजे निबंधांची संख्या असे धरले, तर या माणसाने केलेल्या कामाचा अर्धा भाग हिशेबाबाहेर राहतो, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

११. शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराची रक्कम बंद झाली. त्याने त्याचे महत्त्व कमी होते का?

आधी वस्तुस्थिती. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा हा पुरस्कार १९५८ पासून ४५ वर्षांखालील वैज्ञानिकांना दिला जात असे. अलीकडच्या काळात सोबत पाच लाख रुपये आणि वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत दरमहा १५,००० रुपये मानधन मिळे. पुढे केंद्र सरकारने विज्ञान पुरस्कारांची फेररचना केली आणि भटनागर यांचे नाव ‘राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारा’च्या युवा गटाला जोडले गेले. नव्या रचनेतील पहिले पुरस्कार ऑगस्ट २०२४ मध्ये दिले गेले. त्यांचे स्वरूप पदक आणि सन्मानपत्र असे आहे.

प्रतिष्ठा रकमेवर फारशी ठरत नाही, हे फील्ड्स पदकाच्या तुटपुंज्या रकमेवरून दिसते. पुरस्काराचे मोल त्याची दुर्मीळता, निवड करणाऱ्यांची विश्वासार्हता आणि आधीच्या मानकऱ्यांची नावे यांवर ठरते. मासिक मानधनाची गोष्ट मात्र निराळी होती. ती रक्कम दर महिन्याला येत असल्याने सन्मान एका समारंभापुरता राहत नसे. आमच्या मते काढून टाकायचेच होते तर पाच लाखांची रक्कम काढावी आणि मानधन ठेवावे, हे अधिक शहाणपणाचे झाले असते.

१२. सहायक प्राध्यापकपदाच्या निवडीत पुरस्काराला किती गुण असतात? ई-मेलवर येणारे ‘सर्वोत्कृष्ट संशोधक’ पुरस्कार चालतात का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याच्या १०० गुणांपैकी पुरस्कारांना जास्तीत जास्त ३ गुण आहेत. आंतरराष्ट्रीय संघटना, भारत सरकार किंवा भारत सरकारमान्य राष्ट्रीय संस्था यांनी दिलेल्या पुरस्काराला ३, आणि राज्य शासनाच्या पुरस्काराला २. ज्या पदासाठी अर्ज करत आहात त्याची जाहिरात आणि त्या वेळी लागू असलेले नियम स्वतंत्रपणे पाहावेत.

नोंदणीशुल्क भरा, हॉटेलातील समारंभाला या आणि सन्मानचिन्ह घ्या, अशा ई-मेलवरच्या पुरस्कारांना हे गुण मिळणे कठीण आहे. त्यातून होणारे नुकसान मात्र खरे असते. जाणकार परीक्षकाच्या हाती अशी यादी पडली, की तो उरलेल्या खऱ्या नोंदींकडेही संशयाने पाहू लागतो. प्रतिष्ठा उसनी घेता येत नाही आणि विकत घेतलेली लपत नाही. एखाद्या पुरस्कारासाठी शुल्क मागितले, निवड समितीची नावे जाहीर केली नाहीत आणि एकाच दिवशी शेकडो मानकरी ठरवले, तर उत्तर न देता ती ई-मेल पुसून टाकावी.

१३. काम संघाचे असेल, किंवा त्यातील स्त्री-संशोधकाचे नाव वगळले गेले, तर प्रतिष्ठा कोणाकडे जाते?

बहुधा ज्याच्या गळ्यात पदक पडते त्याच्याकडे. नोबेलची वैज्ञानिक पारितोषिके प्रत्येकी जास्तीत जास्त तिघांत वाटली जातात, तर आजचे अनेक प्रयोग शेकडो जण करतात. स्त्रियांच्या कामाचे श्रेय सहकारी पुरुषांकडे जाण्याच्या प्रवृत्तीला विज्ञानेतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी १९९३ मध्ये ‘मटिल्डा परिणाम’ असे नाव दिले. पल्सार (नियमित स्पंदने पाठवणारे तारे) प्रथम टिपणाऱ्या जोसलिन बेल यांना १९७४ च्या नोबेलमध्ये वगळले गेले आणि ते त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना मार्टिन राइल यांच्यासह मिळाले. २०१८ मध्ये बेल यांना विशेष ब्रेकथ्रू पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याची तीस लाख डॉलरची संपूर्ण रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात ज्यांचे प्रमाण कमी आहे अशा गटांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दिली. त्याच वर्षी नोबेल मिळालेल्या डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील विकिपीडिया लेखाचा मसुदा काही महिन्यांपूर्वीच पुरेशा दखलपात्रतेअभावी नाकारला गेला होता. काम १९८५ चे होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये बदलली ती केवळ प्रतिष्ठा.

१४. पुरस्काराने आयुष्य वाढते, असे वाचले. हे गंभीरपणे घ्यावे का?

मॅथ्यू रॅब्लेन आणि अँड्र्यू ऑसवाल्ड यांनी १९०१ ते १९५० या काळात भौतिकी आणि रसायनाच्या नोबेलसाठी नामांकन झालेल्या पुरुष शास्त्रज्ञांचे आयुर्मान तपासले. ज्यांना पुरस्कार मिळाला ते केवळ नामांकनावर थांबलेल्यांपेक्षा एक ते दोन वर्षे अधिक जगले, आणि रकमेच्या खऱ्या मूल्याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. प्रतिष्ठेचा परिणाम पैशापासून वेगळा काढता आला, हे या अभ्यासाचे महत्त्व आहे. तुलना नामांकितांशीच केल्यामुळे प्रश्न २ मधील अडचणही बरीच टळते. तरी गट लहान आहे, आणि नोबेल मृत्यूनंतर देत नसल्याने दीर्घायुषी माणसाला ते मिळण्याची संधीही अधिक असते. अभ्यासकांनी याचा विचार केला असला, तरी वाचकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१५. एखाद्याने पुरस्कार नाकारला, तर त्याची प्रतिष्ठा घटते का?

आधीच सर्वमान्य असलेल्याची घटत नाही, बहुधा वाढतेच. गणितज्ञ अलेक्झांडर ग्रोथेंडिक यांनी १९८८ मध्ये क्राफूर्द पारितोषिक नाकारताना, प्राध्यापकाचा पगार आपल्या गरजांना पुरेसा असल्याचे कळवले. ग्रिगोरी पेरेलमन यांनी २००६ मध्ये फील्ड्स पदक आणि २०१० मध्ये दहा लाख डॉलरचे क्ले पारितोषिक नाकारले. क्लेच्या वेळी गणितज्ञ रिचर्ड हॅमिल्टन यांचे योगदान आपल्याइतकेच असल्याचे त्यांनी सांगितले. नाकारल्याने पुरस्काराच्या यादीतून नाव मात्र जात नाही. अधिकृत नोंदीत पेरेलमन २००६ चे मानकरी म्हणूनच राहिले आहेत. उदयोन्मुख संशोधकाने या उदाहरणांवर विसंबू नये, कारण ज्याचे नाव अजून कोणाला ठाऊक नाही त्याचा नकारही कोणाच्या लक्षात येत नाही.